‘कंपनीच्या विजेवर फिरते’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

पत्र:

ताई, मी चाकणजवळ खालुंब्र्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आम्ही भोसरीत भाड्याने राहतो. जाऊन-येऊन रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर होतं, पेट्रोल परवडेना, म्हणून दिवाळीत हप्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये प्लग नाही, घरमालक ‘बघू’ म्हणतात. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी केबिनच्या बाहेर एक प्लग आहे. तिथल्या काकांना विचारून मी तिथे चार्जिंग लावायला लागले. तीन-चार महिने कुणी काही बोललं नाही. मग कॅन्टीनमध्ये आमच्याच डिपार्टमेंटचा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, “मॅडमचं बरंय, कंपनीच्या विजेवर फिरतात.” सगळे हसले. दुसऱ्याने मोबाइलवर स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ लावला आणि म्हणाला, “आमच्या गाड्या शेजारीच असतात, जरा विचार करा.” आठवड्याभरात नोटीस लागली: कंपनीच्या आवारात खासगी वाहन चार्जिंगला सक्त मनाई. काकांना त्यांच्या एजन्सीने झापलं ते वेगळंच. आमची कंपनी सायलेन्सरचे पाइप बनवते. शॉपवरचे एक ज्येष्ठ कामगार, ज्यांना मी खूप मानते, ते मला म्हणाले, “पोरी, तुझी ही गाडी आमच्या तोंडचा घास काढणार आहे.” तेव्हापासून डबा खायला खाली जायची इच्छा होत नाही. मी चोरी केली का? एचआरकडे जाऊ का? नवरा म्हणतो, विकून टाक आणि पुन्हा पेट्रोलची घे.
एक वाचक, भोसरी

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

तुमच्या एका प्लगला चार वेगवेगळी भांडणं लटकली आहेत. पैशाचं एक, आगीच्या भीतीचं एक, नोकरीच्या भीतीचं एक. आणि चौथं तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलंय, ते सिक्युरिटीच्या काकांचं. मी तिथूनच सुरुवात करते, कारण या सगळ्यात खरं नुकसान होण्याची शक्यता त्यांचीच सगळ्यात जास्त आहे.

तुम्ही कंपनीच्या पगारपत्रकावर आहात. काका एजन्सीचे आहेत. गेटवरचा माणूस बदलून द्या, एवढा एक फोन कंपनीकडून गेला, तर दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा माणूस उभा असतो आणि कुणी कारणही विचारत नाही. तुम्ही विचारलं, ते चांगल्या मनाने हो म्हणाले. पण तो प्लग वापरू द्यायचा अधिकार त्यांना नव्हताच, आणि हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळायला हवं होतं, कारण तुम्ही ऑफिसात बसता आणि परवानग्या कुठून येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पहिलं काम हे: अ‍ॅडमिनला दोन ओळींचा मेल करा. ‘गेटवरच्या प्लगवर चार्जिंग मी माझ्या विनंतीवरून लावत होते, सिक्युरिटीवरील व्यक्तीने केवळ मदत म्हणून होकार दिला, त्यांच्यावर याचा ठपका येऊ नये.’ इतकंच. त्यात स्वतःची बाजू मांडू नका, चार्जिंगची मागणी करू नका. मागणीचा अर्ज वेगळा आणि नंतर. आणि काकांना प्रत्यक्ष भेटून सांगा की मी असं लिहून दिलंय.

आता चोरीचं. नाही, तुम्ही चोरी केली नाही. चोरून केलं असतं तर गेटवर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर केलं नसतं. पण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात ते सोडवून घ्या, कारण एचआरमध्ये ते तुमच्यावर एकत्रच फेकले जातील.

एक प्रश्न कायद्याचा. ‘महावितरणचा नियम आहे, इंडस्ट्रियल कनेक्शनवर गाड्या चार्ज करता येत नाहीत, दंड होईल,’ असं कुणीतरी तुम्हाला हमखास ऐकवेल. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजीच स्पष्ट केलं आहे की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती एक सेवा आहे आणि तिला वीज कायद्याखाली वेगळा परवाना लागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये याच मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत तर सरळ लिहिलं गेलं की वाहनमालक आपल्या घरी किंवा ऑफिसात, असलेल्या वीज कनेक्शनवरून गाडी चार्ज करू शकतात. तेव्हा कायदा आडवा येतो हे म्हणणं टिकत नाही.

पण दुसरा प्रश्न मालकीचा, आणि तिथे या सूचना तुमच्या कामाच्या नाहीत. कनेक्शन कंपनीचं आहे. बिल कंपनी भरते. त्यामुळे परवानगी कंपनीच्या अधिकाऱ्याकडूनच यायला हवी, ती सरकारी कागदातून येत नाही. मंत्रालयाचा कागद दाखवून ‘माझा हक्क आहे’ म्हणत एचआरच्या टेबलावर गेलात, तर त्या दिवशी दार बंद झालं म्हणून समजा.

हा गोंधळ आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०१३ मध्ये एका गृहस्थाने शाळेच्या बाहेरच्या प्लगला आपली इलेक्ट्रिक कार वीसेक मिनिटं लावली. वीज गेली जेमतेम पाच सेंटची. त्याला चोरीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यावर दोन्ही बाजूंनी लोक तावातावाने बोलले: पाच सेंटसाठी अटक कसली, आणि न विचारता लावलीच कशाला. मला दोन्ही बाजू पटतात. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने केंद्र सरकारच्या कार्यालयांना कर्मचाऱ्यांच्या खासगी गाड्या चार्ज करू द्यायची मुभा दिली, आणि सोबत अट घातली की विजेचे पैसे कर्मचाऱ्यांकडून वसूल करायचे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्या प्रकरणाची गुरुकिल्लीही तीच आहे.

कारण आता पैशाचं बोलू. कॅन्टीनमधला तो टोमणा तुम्हाला लागला, साहजिक आहे. चारचौघांत, स्वतःच्या डिपार्टमेंटच्या माणसाने, तेही पैशावरून. त्याने ते बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण तुम्ही अकाउंट्सच्या आहात, तर रागाच्या आधी हिशेब करू. तुमच्यासारखी स्कूटर भिंतीतल्या एका युनिटवर, चार्जरची गळती धरून, साधारण तीस किलोमीटर जाते. पन्नास किलोमीटर म्हणजे पावणेदोन युनिटच्या आसपास. कंपनीला सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडतं असं समजू. रोजचे वीस-एकवीस रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर पाचशेच्या घरात.

पाचशे रुपये कंपनीच्या दृष्टीने काहीच नाहीत. दीड टनाचा एक एसी तासाला एक-दीड युनिट खातो, म्हणजे रिकामी कॉन्फरन्स रूम दोन तास थंड राहिली की तुमच्या दिवसभराच्या विजेपेक्षा जास्त जाते. पण तुमच्या शेजारी बसणाऱ्याच्या दृष्टीने पाचशे रुपये काहीच नाहीत असं नाही. तो रोज शंभर-सव्वाशेचं पेट्रोल जाळून येतो. त्याच्या खिशातून जातात आणि तुमच्या जात नाहीत, हे त्याला रोज गेटवर दिसत होतं. बोलण्याची पद्धत चुकली, पण जे दिसत होतं ते खोटं नव्हतं.

यावर एक उत्तर तुमच्या ओठांवर येईल, ते मला माहीत आहे: कंपनीच्या बसने येणाऱ्यांचं डिझेल कोण भरतं? कॅन्टीनचं ताट निम्म्या किमतीत मिळतं, त्याचं काय? मुद्दा बिनतोड आहे. कामावर येण्या-जाण्याचा खर्च कंपन्या या ना त्या रूपात उचलत आल्याच आहेत. पण हा मुद्दा कॅन्टीनमध्ये वापरू नका. बसने येणारे पन्नास जण त्या क्षणी तुमच्या विरोधात जातील. तो एचआरच्या खोलीसाठी राखून ठेवा, आणि तिथेही गरज पडली तरच काढा.

त्यापेक्षा फुकट हा शब्दच कुणाच्या तोंडात उरू देऊ नका. मीटर मागा, पैसे भरा. सबमीटर ही काही फार महागडी वस्तू नाही, दुकानगाळ्यांत भाडेकरूंना सर्रास लावून देतात. युनिटप्रमाणे पैसे पगारातून कापून घ्या असं तुम्हीच लिहून द्या. महिन्याचे पाचशे रुपये भरूनही तुम्ही पेट्रोलच्या मानाने दोन हजारांहून जास्त वाचवता. ज्या दिवशी तुमच्या पगारपत्रकावर ‘वाहन चार्जिंग’ अशी वजावट दिसेल, त्या दिवशी तो टोमणा संपला.

आग. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण या भीतीला हसण्यावारी नेणं मला मान्य नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर धडधडून पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता, आणि त्या उन्हाळ्यात अशा घटना लागोपाठ झाल्या. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना ‘पेट्रोलच्या गाड्याही पेटतात’ हे उत्तर दिलं की ते गप्प बसतात, पण त्यांची खात्री पटत नाही. त्यांना सांगण्यासारखं आहे ते हे: त्या घटनांनंतर सरकारने चौकशी लावली आणि बॅटरीचं मानक कडक केलं. एआयएस-१५६ हे त्याचं नाव, आणि ते प्रसिद्ध होतं आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. बॅटरीत पाणी शिरू नये, सेलमध्ये पुरेसं अंतर असावं, आत तापमान भलतंच वाढू लागलं तर गाडी चालवणाऱ्याला इशारा मिळावा, अशा गोष्टी त्यात आल्या. तुमची स्कूटर त्यानंतरची आहे. याचा अर्थ धोका शून्य झाला असा नाही, पण व्हिडिओतल्या गाडीचं आणि तुमच्या गाडीचं मानक एक नाही.

मात्र तुमच्या त्या प्लगबद्दल मला जास्त काळजी वाटते. उद्या केबिनवरून जाल तेव्हा त्याच्याकडे नीट बघा. तो छोट्या पिनांचा पाच अँपिअरचा आहे का? पिनांच्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी झालंय का? त्यावरून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढलाय आणि त्याच बोर्डावर काकांची चहाची किटलीही आहे, अशी माझी शंका आहे, कारण बहुतेक केबिनमध्ये असंच असतं. तुमचा चार्जर ओढतो पाऊण किलोवॅटच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन अँपिअर. दिसायला फार नाही. पण तो सलग दोन-अडीच तास ओढतो. त्यात किटलीचे दीड किलोवॅट पडले की तो स्वस्त बोर्ड तापतो, सैल पिनेजवळ ठिणगी पडते, वायरचं आवरण मऊ होतं. चार्जर काढताना प्लग कधी हाताला चटका बसेल इतका गरम लागला होता का? लागला असेल तर तुमच्या सहकाऱ्याची भीती बरोबर होती, फक्त त्याचं बोट चुकीच्या जागी होतं. बॅटरीच्या आधी तो बोर्ड पेटला असता. आणि पावसाळ्यात तिथे पाणी येतं की नाही ते तुम्हाला चाकणच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून नोटीस लागली याचं मला पूर्ण वाईट वाटत नाही. त्या प्लगवर पुन्हा चार्जिंग लावू नका. नोटिशीकडे कानाडोळा करून कुणी ‘लावा हो मॅडम’ म्हणालं, तरी नाही. आणि ऑफिसात टेबलाखाली बॅटरी आणून चार्ज करणं तर मुळीच नाही. जिन्याजवळ किंवा बाहेर पडायच्या वाटेवरही नाही.

हवं ते असं: पार्किंगच्या शेडखाली, भिंतीवर, पाणी साचतं त्या पातळीच्या बरंच वर, सोळा अँपिअरचे झाकणवाले पॉवर पॉइंट. प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. पूर्ण लाइनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे कुठे गळती झाली की वीज तत्काळ तुटेल. व्यवस्थित अर्थिंग. तांब्याची अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये कुठेही एक्स्टेंशन नाही. तुमच्या मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला हे दोन दिवसांचं काम आहे. आठ पॉइंट एकाच वेळी चालले तरी भार सहा किलोवॅट. सायलेन्सर पाइपच्या कारखान्यात वेल्डिंग मशिनांची रांग असते, तिच्यापुढे हा आकडा कुणी मोजणारही नाही. शिवाय तुम्ही दिवसा चार्ज करता. जून २०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती केली, तिचा रोख असा की सौरऊर्जेच्या तासांत वीज स्वस्त असावी आणि संध्याकाळी महाग. तुमच्या कंपनीच्या छपरावर सोलर असेल तर विचारूच नका. सकाळी दहा ते दुपारी तीन हा गाडी चार्ज करायला सगळ्यात योग्य वेळ, आणि नेमक्या त्या वेळी कामावर येणाऱ्यांच्या गाड्या ऑफिसच्या पार्किंगमध्येच उभ्या असतात. भोसरीत रात्री दहाला लावण्यापेक्षा खालुंब्र्यात सकाळी अकराला लावणं सगळ्यांच्याच हिताचं आहे.

आता त्या ज्येष्ठ कामगारांचं. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचलंय, कारण ते बोलताना रागावलेले नव्हते.

त्यांचं म्हणणं खरं आहे, हे आधी मान्य करा. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नसतो. पिस्टन नसतो, रिंग नसते, व्हॉल्व्ह नसतो, स्पार्क प्लग नसतो. चाकण, भोसरी, पिंपरी, रांजणगाव या पट्ट्यात हजारो घरं या वस्तूंवर उभी आहेत. इलेक्ट्रिक गाडीविषयी लोकांचं मत बोलताना आपण नेहमी म्हणतो, लोकांना माहिती नाही, गैरसमज आहेत. या माणसाला सगळी माहिती आहे. आयुष्यभर जो पाइप वाकवला तो उद्याच्या गाडीत कुठे बसतो हे तो तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगेल: कुठेच नाही. ही भीती तुम्ही एखादा लेख वाचायला देऊन घालवू शकणार नाही.

आणि त्याला दिसतंय काय? राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण आलं आणि अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी इथे इलेक्ट्रिक कारना टोल माफ झाला. चांगलंच झालं. पण जो माणूस दुचाकीवरून कामाला जातो त्याला एक्स्प्रेस वेवर मुळात प्रवेशच नाही. सवलत मोठ्या गाडीवाल्याला आणि नोकरीची टांगती तलवार आपल्याला, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. तुमची स्कूटर त्याच्या डोळ्यांपुढे रोज उभी राहते म्हणून त्याचं बोलणं तुमच्यावर आलं.

पण दुसरी बाजूही त्याच रस्त्यावर आहे. चाकणमध्येच महिंद्राच्या इलेक्ट्रिक एसयूव्ही तयार होतात. मर्सिडीजने २०२२ मध्ये चाकणलाच इलेक्ट्रिक ईक्यूएसची जुळणी सुरू केली. चेतक नव्याने इलेक्ट्रिक होऊन २०२० च्या जानेवारीत बाजारात आली आणि आकुर्डीत तिच्यासाठी वेगळा कारखाना उभा राहिला. पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस २०१९ पासून पुण्यात धावतायत. या गाड्यांना चेसिसला पाइप लागतात, बॅटरीला पिंजरा लागतो, ब्रेक, सस्पेन्शन, सीटची फ्रेम, हँडल हे सगळं लागतंच, आणि पाइप वाकवता-जोडता येणारे हात त्यासाठीही लागतात. ते काम तुमच्या कंपनीला मिळेल का, हे व्यवस्थापन काय करतं यावर आहे. तुमच्या स्कूटरवर नाही.

हे सगळं त्यांना ऐकवायला जाऊ नका. त्यांना जाऊन विचारा. “दादा, आपण दुसरे कुठले पार्ट घेऊ शकतो? इलेक्ट्रिकवाल्यांचं काही काम आपल्याकडे येऊ शकतं का?” तुम्ही अकाउंट्सला आहात, कुठल्या ग्राहकाचं बिल वाढतंय आणि कुणाचं कमी होतंय ते तुमच्या नजरेखालून जातं. आकडे बाहेर सांगू नका, ते बरोबर नाही. पण कामगारांच्या वतीने हा प्रश्न युनियनने किंवा वर्क्स कमिटीने व्यवस्थापनाला विचारावा, एवढं तुम्ही सुचवू शकता. त्या माणसाला स्कूटर नकोय, उत्तर हवंय. आणि खाली जाऊन डबा खा. वर एकटीने खाल्लात तर टोमणा मारणारा जिंकला असं होत नाही, पण दादांशी बोलायची जागा तुमच्या हातून जाते.

आता अर्ज. एचआरकडे जा, पण एकटीने नाही. कंपनीत अजून कुणाकुणाकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे ते बघा, कुणी घ्यायच्या विचारात असेल तर तेही. तीन-चार सह्या असल्या की ती मॅडमची तक्रार राहत नाही. कंत्राटी कामगारांपैकी कुणी असेल तर त्याची सही आवर्जून घ्या. त्यांच्या गाड्या बहुधा गेटबाहेर लागतात, आणि सोय फक्त स्टाफला झाली तर हेच भांडण तीन महिन्यांनी दुसऱ्या तोंडून सुरू होईल.

मी लिहिला तर अर्ज असा लिहीन:

‘विषय: कर्मचाऱ्यांच्या इलेक्ट्रिक दुचाकींसाठी सशुल्क चार्जिंगची सोय.

महोदय, आवारातील चार्जिंगबाबत लावलेली सूचना आम्हाला मान्य असून तिचे पालन आम्ही करीत आहोत. सुरक्षिततेबद्दलची सहकाऱ्यांची काळजी रास्त आहे. म्हणून विनंती की, मेंटेनन्स विभागाच्या देखरेखीखाली दुचाकी पार्किंगमध्ये स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि सबमीटरसह काही पॉवर पॉइंट बसवावेत. वापरलेल्या युनिटचे पैसे कंपनीच्या दराने आमच्या पगारातून वजा करावेत. सोय कायम व कंत्राटी अशा सर्व कामगारांना मिळावी. प्रथम तीन महिने प्रायोगिक स्वरूपात चालवून नंतर निर्णय घ्यावा. पॉइंट सकाळी दहा ते चार या वेळेतच चालू ठेवावेत व नंतर मेंटेनन्सने बंद करावेत, यास आमची संमती आहे.’

यात कायद्याचा एकही संदर्भ नाही हे पाहिलंत? महावितरणचा मुद्दा त्यांनी काढला तर मग वर दिलेली माहिती सांगा, आधी नको. ‘प्रायोगिक’ हा शब्द मात्र राहू द्या. कुठल्याही अधिकाऱ्याला कायमचा होकार द्यायला भीती वाटते, तीन महिन्यांच्या होकाराला सही लवकर मिळते. आणि फायदा काय असं विचारलं तर सांगा की तुमच्या ग्राहक कंपन्या आता पुरवठादारांना कार्बनबद्दल प्रश्न विचारू लागल्या आहेत. कर्मचारी कामावर कसे येतात हाही त्या हिशेबातला एक रकाना असतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१३ मध्ये कंपन्यांना कामाच्या जागी चार्जिंग बसवायला प्रोत्साहन देणारा एक उपक्रम सुरू केला होता. त्यात भाग घेतलेल्या ठिकाणचे कर्मचारी इतरांच्या सहा पट प्रमाणात इलेक्ट्रिक गाड्या वापरताना आढळले. ज्या कंपन्या अशा उपक्रमात येतात तिथे मुळातच हौशी लोक जास्त असणार, हे धरूनही त्यात तथ्य आहे. शेजारच्याची गाडी रोज व्यवस्थित चार्ज होताना, कुठेही न पेटता, पावसात न अडकता चाललेली दिसली की लोकांचं मत बदलतं. जाहिरातीने तितकं बदलत नाही. तुमच्या स्कूटरने तीन-चार महिने तेच काम केलं होतं, फक्त चुकीच्या प्लगवर.

कंपनीने नाही म्हटलं तर? म्हणू शकते, तो तिचा अधिकार आहे. मग घरमालकाच्या ‘बघू’ला धार लावा. त्यांना लेखी विचारा: पार्किंगमध्ये तुमच्या खर्चाने एक पॉइंट, तुमच्या घराच्या मीटरवरून, नाहीतर गाडीसाठी वेगळं कनेक्शन. २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. घरमालकांना भीती असते बिलाची आणि भाडेकरू गेल्यावर ते मीटर कुणाच्या गळ्यात पडेल याची. मीटर तुमच्या नावावर, सोडताना तुम्ही बंद करून जाल, हे लिहून द्या. मधल्या काळात बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर भागवा. तिथे युनिटला जास्त मोजावे लागतील, तरी पेट्रोलपेक्षा कमीच.

आणि विकायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. हप्ते चालू असताना वर्षाच्या आत विकलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरला किंमत फार पडून मिळते, कर्ज फेडून हातात काही उरणार नाही आणि पेट्रोलच्या गाडीचे हप्ते नव्याने सुरू होतील. हा हिशेब नवऱ्यासमोर कागदावर मांडा. तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला जमेल. अर्ज मात्र लांबवू नका. मेंटेनन्सचं पुढच्या वर्षाचं बजेट मार्चच्या आधी ठरतं, एकदा ते बंद झालं की आठ पॉइंटसाठीही वर्षभर थांबावं लागेल.

तुमची,
ताई